देखाव्यातल्या चंद्रावरचा पंखा : सोलापूरच्या गणेशोत्सव मंडळांना खुले पत्र

प्रति,
सोलापुरातील सार्वजनिक गणेशोत्सव मंडळांचे उत्सव अध्यक्ष, सजावट प्रमुख आणि रात्र-रात्र जागून देखावे उभारणारे कार्यकर्ते,

सप्रेम नमस्कार.

पावतीपुस्तकं छापायला गेली असतील, मूर्तीचा बयाणा देऊन झाला असेल आणि यंदा देखावा काय करायचा यावर कट्ट्यावर भांडणं सुरू झाली असतील. म्हणून आत्ताच लिहितोय. एकदा प्लायवूड कापलं की कुणी कुणाचं ऐकत नाही, हे मला ठाऊक आहे.

मी निवृत्त शिक्षक. पस्तीस वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं, त्यामुळे तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या कानाला माझा हात ओळखीचा असेल. वडील गिरणीत जॉबर, म्हणजे मुकादम, होते. भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावर जेवायचं, अशा चाळीत वाढलो. हे उगाच सांगत नाही, पुढं त्याचं काम आहे.

गेल्या गणपतीत, गौरी गेल्यावर, एका रात्री नातीला घेऊन देखावे बघायला निघालो. ती तिसरीत आहे. एका मंडळाचा अंतराळ मोहिमेचा जिवंत देखावा होता. मंडळाचं नाव घेत नाही, कारण पोरांची मेहनत खरी होती. रांगेत पाऊण तास उभं राहिल्यावर पडदा उघडला. बारा-चौदा फुटी अग्निबाण, खालून धूर, लाल झोत, आणि डॉल्बीचा असा दणका की उलटी गणती मी बरगड्यांनी मोजली. मग थर्माकोलच्या दगडांचा पाऊस. त्यातून नागमोडी वाट काढत यान पुढं गेलं. चंदेरी कपड्यातला अंतराळवीर दोरीला लटकून आला, हिरव्या तोंडाच्या परग्रहवाल्याशी त्याची लेसर बंदुकीनं मारामारी झाली, बंदूक ‘पिव पिव’ वाजली, हिरवा मेला, चंद्र आपला झाला. शेवटी तिरंगा रोवला आणि तो फडफडू लागला. टाळ्या.

नात म्हणाली, “आजोबा, चंद्रावर पंखा कुणी लावला?”

तिला दगडामागं टेबलफॅनची जाळी दिसली होती. आजूबाजूचे हसले. पडद्याआडून एका कार्यकर्त्यानं डोकं बाहेर काढलं. माझाच माजी विद्यार्थी निघाला. म्हणाला, “काय करणार सर, त्याशिवाय झेंडा फडकत नाही की!”

हे वाक्य तेव्हापासून डोक्यात अडकून बसलंय. फडकत नाही, खरंच. चंद्रावर हवा नाही तर वारा कुठून येणार? १९६९ मध्ये अमेरिकेलाही हाच प्रश्न पडला होता. त्यांनी झेंड्याच्या वरच्या कडेत आडवी नळी ओवली, आपण खिडकीच्या पडद्यात ओवतो तशी. त्या नळीच्या आधारानं तो ताठ उभा राहिला. पण अपोलो ११ चा तो झेंडा यानाच्या इतका जवळ रोवला होता की परत निघताना इंजिनाच्या झोतानं तो आडवा पडला. खिडकीतून हे बघितल्याचं त्या यानातले अंतराळवीर बझ ऑल्ड्रिन यांनीच सांगितलंय. साऱ्या जगाला दाखवायला रोवलेला झेंडा आपल्याच निघण्यानं पडतो, आणि तो उचलायला पुन्हा खाली उतरता येत नाही. तुमच्या लेसर बंदुकीत यापेक्षा जास्त नाटक आहे का, सांगा बरं.

माझं म्हणणं एवढंच आहे. विज्ञानकथा आणि सिनेमे बघून आपण अवकाशाची जी नक्कल करतो, ती अस्सलापेक्षा पांचट होते. शास्त्राला वाईट वाटेल म्हणून बदल करा, असं मी म्हणत नाही. तुमचा देखावा कमी पडतो म्हणून म्हणतो.

आता आवाजाचं. हा विषय सोलापुरात काढणं म्हणजे मोहोळात हात घालणं. डॉल्बी हवी की नको या वादात मी पडत नाही, मी फक्त पदार्थविज्ञान सांगतो. ध्वनीला जायला हवा लागते, पाणी लागतं, लोखंड लागतं, काहीतरी लागतंच. अवकाशात ते काहीच नाही. सिनेमात यान फुटलं की थिएटर हादरतं. तिथं शेजारी फुटलं तरी तुम्हाला फक्त उजेड दिसेल. चंद्रावर दोन माणसं हातभर अंतरावर उभी राहून एकमेकांच्या नावानं ओरडली, तरी रेडिओ बंद असेल तर ओरडणं शिरस्त्राणातच राहील. म्हणजे बघा, अंतराळाचा खरा देखावा करायचा ठरवलात तर मिरवणुकीआधीच डॉल्बीचं भाडं वाचतं.

हवा नसली की काय होतं याबद्दलही सिनेमावाल्यांनी बऱ्याच थापा मारल्यात. माणूस फुग्यासारखा फुटतो, नाहीतर क्षणात बर्फ होतो. १९६६ मध्ये ह्यूस्टनला नासाच्या निर्वात कक्षात पोशाखाची चाचणी चालू होती. जिम लब्लांक या तंत्रज्ञाच्या पोशाखाला दाब पुरवणारी नळी निसटली. चौदा-पंधरा सेकंदांत ते बेशुद्ध झाले. कक्षात लगेच हवा सोडली आणि ते वाचले. शुद्ध हरपण्यापूर्वीची शेवटची आठवण त्यांनी सांगितली ती अशी, की जिभेवरची लाळ उकळत होती. दाब गेला की पाणी अंगाच्या तापमानालाही उकळतं. गोठणं मात्र लगेच होत नाही, कारण उष्णता ओढून न्यायला हवाच नाही. तुमच्या कट्ट्यावरच्या थर्मासातला चहा ज्या कारणानं गरम राहतो, तेच कारण.

थर्माकोलच्या दगडांवर मी घरी येऊन चक्क वही-पेन घेऊन बसलो. (बायको म्हणाली, निवृत्त होऊन एवढी वर्षं झाली, आता तरी पेपर तपासणं थांबवा.) मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये लघुग्रहांचा पट्टा आहे. तिथं लाखो दगड आहेत, हे खरं. पण जागा इतकी अफाट आहे की एक किलोमीटर किंवा त्याहून मोठे दगड धरले तर दोघांमधलं सरासरी अंतर दहा लाख किलोमीटरच्या घरात जातं. तुमचा थर्माकोलचा गोळा चार इंचांचा होता. तो म्हणजे एक किलोमीटरचा दगड असं धरू. मग एक गोळा सोलापुरात सात रस्ता चौकात टांगलात, तर दुसरा टांगायला विजापूरला जावं लागेल, गोल घुमटाच्या आसपास. १९७२-७३ मध्ये पायोनियर १० हे यान त्या पट्ट्यातून पहिल्यांदा गेलं, तेव्हा शास्त्रज्ञांच्याही छातीत धडधड होती. यान सरळ पलीकडं गेलं, नागमोडी वळणं घ्यावी लागली नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, सर, हे सगळं खरं, पण गर्दी कशी जमणार? लोकांना आग पाहिजे, धूर पाहिजे. यावर मी २३ ऑगस्ट २०२३ ची संध्याकाळ सांगतो.

चांद्रयान-३ उतरणार होतं. एका शाळेनं सभागृहात मोठा पडदा लावला होता आणि निवृत्त असूनही मला बोलावलं होतं. तीनेकशे पोरं मांडी घालून बसलेली. पडद्यावर काय होतं? खुर्च्यांवर बसलेली माणसं, काही साडीतल्या बायका, आणि एक आलेख. एक रेघ, आणि त्या रेघेवरून हळूहळू सरकणारा एक ठिपका. बास. पहिल्या पाच मिनिटांत आठवीतला एक जण मला म्हणाला, “सर, पिक्चर कधी सुरू होणार ओ?”

त्याला सांगितलं, चालू आहे की. पावणेसहाच्या सुमाराला यानानं उतरायला सुरुवात केली तेव्हा ते तीस किलोमीटर उंचीवर होतं आणि सेकंदाला १.६८ किलोमीटर वेगानं आडवं धावत होतं. त्या वेगानं सोलापूरहून पंढरपूर पाऊण मिनिटात येतं. हा सगळा वेग मोडून त्याला पाय टेकायचे होते, आणि मध्ये हवा नाही म्हणून छत्री उघडायची सोय नाही. जे काय करायचं ते चार इंजिनांनी. एकोणीस मिनिटं. आकडे खाली येऊ लागले तशी पोरं गप्प होत गेली. दीडशे मीटरवर यान थबकलं, खाली दगड-खड्डे नाहीत ना ते बघितलं. त्या क्षणी सभागृहात पंख्याचा आवाज ऐकू येत होता. सहा वाजून चार मिनिटांनी ते टेकलं, आणि त्यानंतर जे झालं त्यात माझा चष्मा मोडला.

आग दिसली नाही, धूर नाही, एक ठिपका आणि चार आकडे. तरी ती पोरं कुठल्या सिनेमाला अशी बसली असतील असं मला वाटत नाही.

आणखी एक गोष्ट तिथं बसलेल्या फार थोड्यांच्या लक्षात आली असेल. पडद्यावरच्या त्या शास्त्रज्ञांच्या हातात शेवटच्या एकोणीस मिनिटांत काहीही नव्हतं. सगळ्या सूचना आधीच यानात भरलेल्या होत्या, निर्णय यानच घेत होतं. आयुष्यातली चार वर्षं ज्यात घातली ते उतरतंय की आपटतंय, हे ती माणसं तुमच्या-माझ्यासारखीच बघत बसली होती. कन्यादान झाल्यावर मुलीचा बाप मांडवात बसतो, तशी. सिनेमातला नायक शेवटच्या क्षणी बटण दाबतो. इथं दाबायला बटणच नव्हतं.

चार वर्षं का? कारण ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चांद्रयान-२ चा विक्रम, म्हणजे चंद्रावर उतरणारा भाग, आपटला होता. जमिनीपासून सुमारे दोन किलोमीटरवर संपर्क तुटला. विज्ञानकथेत अशा वेळी कुणीतरी घरभेदी निघतो, नाहीतर परक्या ग्रहाचा हात असतो. इस्रोला सापडली ती कारणं शाळेच्या प्रयोगवहीतली वाटावीत अशी होती. पाच इंजिनांचा जोर अपेक्षेपेक्षा थोडा जास्त निघाला, त्यामुळे चुका साठत गेल्या. त्या निस्तरायला यानाला वेगानं वळायचं होतं, पण किती वेगानं वळायचं यावर आज्ञावलीनं मर्यादा घातली होती. आणि उतरायची जागा जेमतेम पाचशे मीटर बाय पाचशे मीटर. पुढच्या खेपेला मधलं पाचवं इंजिन काढलं, पाय भक्कम केले, इंधन वाढवलं, जागा काही किलोमीटर लांब-रुंद घेतली. कुठं कुठं बिघडू शकतं याची यादी करून ते यान बांधलं. पडलेल्या पोरानं धूळ झटकून पुन्हा सायकलवर बसावं, तसं. हा खरा दुसरा अंक आहे, आणि आपल्या एकाही देखाव्यात मी तो बघितलेला नाही. सगळे थेट टाळ्यांवर येतात.

वेळेचंही तसंच. सिनेमात यान निघालं की पुढच्या दृश्यात चंद्र. चांद्रयान-३ ला चाळीस दिवस लागले, अपोलो ११ ला चारच. लोक म्हणतात, आपण मागं. अहो, अपोलोचा अग्निबाण २,९०० टनांच्या आसपास होता, आपला ६४० टनांचा. एकदम ढकलायला तेवढा जोर नाही, म्हणून आपण पंचमीच्या झोक्यासारखं केलं. झोका खाली आला की एक रेटा, पुन्हा खाली आला की एक रेटा, दर वेळी झोका जरा उंच. पृथ्वीभोवती फेऱ्या वाढवत वाढवत शेवटच्या रेट्याला तो चंद्राकडं सोडला. आपल्या आयाबायांना हे गणित तोंडपाठ आहे, फक्त त्यांना कुणी सांगितलं नाही.

आता विज्ञानकथेच्या बाजूनंही बोललं पाहिजे, नाहीतर तुम्ही म्हणाल म्हाताऱ्याला मजाच कळत नाही. मी स्वतः विज्ञानाकडं वळलो तो वाचनालयातल्या परग्रहांच्या गोष्टी वाचूनच. शिवाय स्नेहसंमेलनासाठी मी एकदा नाटिका लिहिली होती, त्यात मंगळावरचा राजा शुद्ध मराठी बोलत होता आणि त्याच्या हातात दिवाळीतली टिकल्यांची बंदूक होती. त्यामुळे मी काही सोवळा नाही.

आणि शास्त्रानं कल्पनेकडून उसनं घेतलंय, तेही भरपूर. तुमच्या देखाव्यातली ‘दहा, नऊ, आठ’ ही उलटी गणती खऱ्या तळांवर रुळण्याआधी पडद्यावर आली होती. १९२९ सालच्या एका जर्मन मूकपटात दिग्दर्शक फ्रित्झ लांग यांनी प्रेक्षकांची उत्कंठा वाढावी म्हणून ती घातली. इंग्रज लेखक आर्थर क्लार्क यांनी विज्ञानकथाही लिहिल्या, आणि १९४५ मध्ये एक लेखही लिहिला. ३६ हजार किलोमीटर उंचीवर उपग्रह ठेवला तर तो पृथ्वीबरोबरच फिरेल, आकाशात एका जागी राहील आणि असे तीन उपग्रह मिळून जगभर संदेश पोचवतील, असं त्यात मांडलं होतं. तीस वर्षांनी, १९७५ मध्ये, अमेरिकेच्या असल्याच एका उपग्रहावरून भारतातल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरदर्शन दाखवायचा प्रयोग झाला. त्यातली काही खेडी आपल्या शेजारच्या विजापूर, गुलबर्गा, रायचूर जिल्ह्यांतली होती. सोलापूर शहरात टीव्ही ही चैनीची वस्तू होती तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनी चावडीसमोर बसून उपग्रहावरचा कार्यक्रम बघितलाय.

उलट फ्रेंच लेखक ज्यूल व्हर्न यांनी १८६५ मध्ये आपल्या कादंबरीत नऊशे फुटी तोफेतून माणसं चंद्राकडं धाडली. तेवढ्या नळीत तेवढा वेग घ्यायचा तर माणसाचं वजन वीस हजार पटींहून जास्त होईल. आत बसलेल्यांचा लगदाही ओळखू येणार नाही. तरी रशियातल्या त्सिओल्कोव्हस्की यांनी ती गोष्ट वाचली, हे असं होणार नाही हे ओळखलं आणि मग कसं होईल याचं गणित मांडलं. अग्निबाणाचं शास्त्र त्या गणितावर उभं आहे. अशी चूक मला चालते.

आपल्याकडं जयंत नारळीकर होते. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत त्यांनी आपल्या आद्याक्षरांची उलटापालट करून ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं कथा पाठवली आणि पहिलं बक्षीस घेतलं. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण नावाच्या जोरावर नंबर नको होता. त्यांच्या गोष्टी वाचताना मला एक रीत सापडली. थाप एकच मारायची, आणि बाकी सगळं त्या थापेशी इमान राखून खरं ठेवायचं. आपल्या देखाव्यात मी चौदा थापा मोजल्या, आणि त्यांचा एकमेकींशी काही संबंध नव्हता.

पाण्याचं सांगायचं राहिलंच. सिनेमातल्या यानात कुणी तांब्या घेऊन जाताना दिसत नाही. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात घाम, श्वासातली वाफ आणि लघवी गोळा करून त्याचं पिण्याचं पाणी करतात. २०२३ मध्ये त्यांनी अठ्ठ्याण्णव टक्के पाणी परत मिळवून दाखवलं. नळाला चार-चार दिवसांआड पाणी येणाऱ्या गावात हा देखावा केलात तर गर्दी आवरायला पोलिस बोलवावे लागतील.

तिथंच २०२५ मध्ये आपले शुभांशू शुक्ला गेले होते. २९ मेला निघायचे ते प्राणवायूची गळती, स्थानकातली गळती, हवामान असं करत करत २५ जूनला निघाले. आमरस आणि गाजराचा हलवा घेऊन गेले, आणि तिथं त्यांनी मेथी-मूग उगवायला घातले. जगातला सर्वात महागडा तळ, आणि त्यात माणूस ताटलीतल्या मुगाला मोड आले का ते वाकून बघतोय! मला हे हिरव्या तोंडाच्या परग्रहवाल्यापेक्षा कितीतरी आवडतं.

आता मी ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो, त्यावर येतो.

आपल्या देखाव्यात एक नायक असतो आणि एक बटण असतं. खरी मोहीम हजारो हातांची असते, आणि त्यातले बरेच हात आपल्या ओळखीचे आहेत. अपोलो यानाच्या संगणकातला कार्यक्रम कसा साठवला होता, माहीत आहे? विणला होता. अक्षरशः. मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थम गावात कारखान्यात बायका समोरासमोर बसायच्या, आणि तांब्याची बारीक तार सुईनं चुंबकी कड्यांतून इकडून तिकडं द्यायच्या. तार कड्यातून गेली तर एक, कड्याबाहेरून गेली तर शून्य. असे ३६ हजारांहून जास्त शब्द. एक कार्यक्रम विणायला आठवडेच्या आठवडे जायचे. एकदा विणला की बदलता येत नाही, चुकलं तर उसवायचं. माणूस चंद्रावर उतरला तो या विणीवर.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला गिरणीतले वडील आठवले. आणि आपल्या पूर्व भागातले जकार्डचे माग. सोलापुरी चादरीवरचा मोर कसा उठतो? पुठ्ठ्याच्या पत्त्याला भोक असेल तिथं उभा धागा वर उचलला जातो, नसेल तिथं खालीच राहतो. एक आणि शून्य. मधून धोटा जातो. पत्त्यामागून पत्ता फिरतो आणि मोराला पिसं फुटतात. या गावातल्या पोराला संगणक शिकवायला मी पस्तीस वर्षं फळ्यावर चौकोन काढत बसलो. त्याला हाताला धरून अशोक चौकात नेलं असतं तर एका दुपारीत कळलं असतं. माझी ही चूक मी कबूल करतो.

अपोलोचे पोशाख कुणी शिवले? बायकांची अंतर्वस्त्रं बनवणाऱ्या कंपनीतल्या शिलाई कामगार बायकांनी, साध्या शिवणयंत्रावर. एकावर एक एकवीस थर, आणि टाक्यात मिलिमीटरचीही चूक चालत नव्हती. कापडात टाचणी विसरली तर नाही ना, हे बघायला पोशाखाचा एक्स-रे काढायचे. आपल्या गावात गणवेश शिवणाऱ्या हजारो बायका आहेत. माझी धाकटी वहिनी त्यातली एक. तिला हे सांगितलं तेव्हा ती मशीन थांबवून म्हणाली, “मग त्या चंद्रावर उतरलेल्यानं तिचं नाव घेतलं का हो भावजी?” मला उत्तर देता आलं नाही.

उपग्रहाभोवती सोनेरी कागद गुंडाळलेला दिसतो ना, ज्याच्यासाठी तुम्ही मिठाईवाल्याकडचा चमकी कागद आणता? ते सोनं नाही. पिवळसर प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा, मागून अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा, आणि असे अनेक पापुद्रे मधे जाळी घालून एकमेकांवर रचलेले. गरमी-थंडीपासून वाचवायला यानाला पांघरलेली चादरच ती. तिचं बरंचसं शिवणकाम आजही हातानं होतं.

आणि लांब कशाला जायचं? पुण्याला जाताना इंदापूरहून आत वळलं की वालचंदनगर. ज्यांच्या नावानं ते गाव वसलं ते वालचंद हिराचंद १८८२ मध्ये आपल्या सोलापुरात जन्मले. तिथल्या कारखान्यात इस्रोच्या अग्निबाणांची पोलादी कवचं वर्षानुवर्षं बनत आलीत. चांद्रयान-३ च्या प्रक्षेपकाला दोन्ही बाजूंना जे दोन जाडजूड बूस्टर होते, त्यांच्या कवचाचे भागही तिथलेच. उसाच्या फडांमधून वाट काढत निघालेलं ते पोलाद श्रीहरिकोट्याला जाऊन पेटलं. हे तुमच्या देखाव्यात का नाही?

म्हणून सुचवतो. पटलं तर घ्या. यंदा एकाच मंडळानं धाडस करावं. मंडपात अंधार. डॉल्बी पूर्ण बंद, शेजारच्या मंडळाला हात जोडून पाच मिनिटं त्यांचीही बंद. उजव्या बाजूला एक खराखुरा जकार्डचा माग, चालता. मिळतो, मोडीत निघालेले कितीतरी आहेत. डाव्या बाजूला कड्यांतून तार ओवणाऱ्या दोन बायका, एक शिलाई मशीनवर. या भूमिकांना नट शोधू नका, त्या कामातल्याच बायका बसवा आणि त्यांना मानधन द्या. मग माग थांबतो. मागच्या पडद्यावर फक्त एक रेघ आणि एक ठिपका. उंचीचा आकडा खाली येतोय. निवेदन नाही, संगीत नाही. दीडशेवर थबकायचं, आणि तिथं लोकांना खरंच थांबवून ठेवायचं, अगदी कुणीतरी खोकेपर्यंत. मग टेकला की हवं तेवढं लेझीम खेळा. आजोबा गणपतीच्या या गावात लेझीम चंद्रावरही ऐकू जाईल, पदार्थविज्ञान गेलं खड्ड्यात.

उतरताना धूळ दाखवायला माझी हरकत नाही. चांद्रयान-३ च्या विक्रमनं उतरताना दोन टनांहून थोडी जास्त माती उडवून बाजूला केली, असं इस्रोनं फोटोंवरून मोजलंय. फक्त ती धुरासारखी घोटाळत राहत नाही. हवा नसल्यानं सरळ उडते आणि सरळ पडते. रांगोळी मुठीनं फेकलीत तर जवळपास तसंच दिसेल. धुराचं यंत्र आणू नका, दम्याची माणसंही दर्शनाला येतात.

बैठकीला बोलावलंत तर येईन. वडिलांच्या पेटीत जकार्डच्या पत्त्यांची एक जुनी माळ निघाली आहे, वाळवीनं खाल्लेली, पण अर्धा मोर अजून शाबूत आहे. देखाव्याला लागली तर घेऊन जा, मात्र विसर्जनानंतर परत आणून द्या, नातीला हवी आहे. आणि टेबलफॅन त्या दिवशीचा शिल्लक असेल तर तो बैठकीत माझ्या बाजूला लावा. आमच्याकडं वीज गेली की घरात बसवत नाही.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक
सोलापूर